आडवाटेनं गेलेलं रक्त

लिव्हरचा आजार म्हणजे पोट फुगणार, डोळे पिवळे होणार, फार झालं तर रक्ताची उलटी होणार, एवढंच आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, लिव्हरचा आजार मात्र पहिल्यांदा दिसला तो हिशोबपट्टीवर. लातूरच्या मार्केट यार्डात एकाच आडतीवर त्यांनी मुनीम म्हणून उभी हयात काढली. तूर, हरभरा, सोयाबीन. किती कट्टे, वजन किती, भाव काय, त्यातून हमाली-तोलाई वजा जाता शेतकऱ्याच्या हातात किती पडणार, हे ते पेन कागदाला टेकायच्या आत सांगायचे. त्या माणसाच्या बेरजा चुकायला लागल्या. आधी नुसता हातचा राहून जायचा. मग एकच आकडा दोनदा पडायला लागला. मग अक्षरच बदललं. ओळ खाली घसरायची, आकडे एकमेकांवर चढायचे. आडतीचे मालक भला माणूस. त्यांनी कामावरून काढलं नाही, मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "ताई, मुनीमजींचं ध्यान लागंना झालंय. एकदा चांगल्या डॉक्टरला दाखवून घ्या."

तोवर घरातही फरक दिसत होता, पण तो आम्ही वयाच्या खात्यावर टाकत होतो. संध्याकाळ झाली की जीभ जड व्हायची. काही विचारलं तर उत्तर यायला वेळ लागायचा. रात्री टक्क जागे, आणि दिवसा जेवता जेवता डुलकी. स्वभावानं मवाळ माणूस, पण भाकरी थोडी करपली म्हणून आईवर ताट सरकवून उठले, आणि तासाभरानं त्यातलं काहीच आठवत नव्हतं. चालताना तोल जायला लागला तेव्हा यार्डात कुजबूज सुरू झाली की मुनीम घ्यायला लागलेत. अण्णा माळकरी. तुळशीची माळ गळ्यात, आषाढीची वारी कधी चुकवली नाही, चहासुद्धा बेताचा. त्यांच्याबद्दल लोक असं बोलतात हे आईच्या कानावर गेलं त्या दिवशी ती जेवली नाही. मी हे सगळं लिहायला बसले त्याचं मोठं कारण ही कुजबूज आहे. माणसाचं वागणं बदललं की आपण त्याच्या चारित्र्याकडे, मनाकडे, वयाकडे, नाहीतर 'बाहेरच्या'कडे बोट दाखवतो. पोटातलं रक्त कुठल्या वाटेनं चाललंय हे कुणी विचारत नाही.

डॉक्टरांचे उंबरे झिजवणं सुरू झालं. एकांनी विस्मरणाचा आजार सांगितला. एकांनी मनावर ताण आहे म्हणून सांगितलं. रात्रीची झोप लागत नाही हे ऐकून एका ठिकाणी झोपेची गोळी मिळाली. ती घेतल्यावर अण्णा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठलेच नाहीत, आणि डोळे उघडले तेव्हा माझ्याकडे बघून आईला म्हणाले, "ह्या बाई कोण आल्यात?" माझा भाऊ गावाकडून शेतातलं काम टाकून आला, आणि त्याच संध्याकाळी आम्ही त्यांना दवाखान्यात भरती केलं.

तिथल्या फिजिशियननं, वयानं माझ्याहून लहान मुलगा तो, मेंदूचा स्कॅन करायच्या आधी एक साधी गोष्ट केली. अण्णांचे दोन्ही हात समोर ताठ धरायला लावले, मनगटं मागं वळवायला लावली, बोटं फाकवायला सांगितली. थोड्या वेळात पंजे पुढं पडायचे आणि झटक्यानं परत वर यायचे, पुन्हा पडायचे. थरथर म्हणावी तशी ती नव्हती. स्नायूंचा ताण क्षणभर सुटायचा, पुन्हा यायचा. ही खूण रेमंड अ‍ॅडम्स आणि जोसेफ फोली या दोन अमेरिकी डॉक्टरांनी १९४९ मध्ये लिव्हरच्या रुग्णांमध्ये नोंदवली होती, हे मी पुढं वाचलं. मग त्यानं विचारलं, "काका शौचाला शेवटचं कधी गेले?" आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. आई म्हणाली, "लई दिस झाले. कुंथत बसतेत, पण होत नाही."

जुन्या रिपोर्टांची पिशवी त्यानं पलंगावर ओतली. मधुमेह जुना. एका सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी लिहिलेली, नंतरच्या सोनोग्राफीत प्लीहा मोठी. रक्तातल्या प्लेटलेट्स वर्षानुवर्षं कमी. हे सगळं वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळ्या वर्षी होतं, एकत्र कुणी वाचलं नव्हतं. मधुमेह आणि चरबी यांच्यामुळे लिव्हर हळूहळू कठीण होत गेलं होतं, सिरॉसिस झाला होता, आणि त्याचा परिणाम मेंदूवर होत होता. याला हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथी म्हणतात. भावानं चाचरत विचारलं, "पण अण्णा तर कधी पेत नाहीत." तेव्हा तो डॉक्टर मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला: दारूचा थेंब न घेता सिरॉसिस होतो, आणि तो आता भरपूर लोकांना होतोय. त्या वाक्यासाठी आईनं त्याला हात जोडले.

मेंदूवरच्या या परिणामामागं रक्तात साचलेला अमोनिया असतो. तो तपासायला रक्त बर्फात ठेवून लगेच लॅबला न्यावं लागतं, नाहीतर नळीतच अमोनिया वाढत जातो आणि खोटा आकडा येतो. भाऊ बर्फाचा डबा घेऊन पळाला. आकडा वाढलेला आला. पण डॉक्टरांनी बजावलं की आकड्यामागं लागू नका. आजार किती गंभीर हे आकड्यावरून ठरत नाही, माणसावरून ठरतं. एकाचा आकडा मोठा असून तो बोलत बसलेला असतो, दुसरा कमी आकड्यावर बेशुद्ध असतो. अमोनिया अगदी नॉर्मल आला तर मात्र दुसरं कारण शोधायचं.

मी बारावीला रसायनशास्त्र शिकवते. अमोनिया मी फळ्यावर हजार वेळा लिहिला असेल. हाच वायू माझ्या वडिलांना माझं नाव विसरायला लावतोय हे मला पचत नव्हतं. म्हणून रात्री अण्णांच्या उशाशी बसून मी वाचत गेले, आणि जे अडलं ते सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरांना विचारत गेले. त्यांनी कधी कंटाळा केला नाही.

समजलं ते असं. लिव्हरला दोन बाजूंनी रक्त मिळतं. धमनीतून येतं ते सुमारे पाव हिस्सा. बाकीचं पाऊण हिस्सा पोर्टल व्हेन नावाच्या मोठ्या नीलेतून येतं, आणि ते थेट आतड्यांकडून, प्लीहेकडून आलेलं असतं. दोन्ही मिळून मिनिटाला साधारण दीड लिटर. म्हणजे आपण खाल्लेल्या घासातलं जे काही रक्तात उतरतं ते, चरबीचा बराचसा भाग सोडला तर, आधी लिव्हरच्या हातात पडतं आणि मग बाकीच्या शरीराला मिळतं. त्यात अमोनियाही असतो. मोठ्या आतड्यातले जिवाणू युरिया फोडून तो तयार करतात, लहान आतड्याच्या पेशीही ग्लुटामिन या अमिनो आम्लापासून तयार करतात. धडधाकट लिव्हर तो अमोनिया पकडून त्याचा युरिया करतं आणि मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात. हे युरियाचं चक्र हान्स क्रेब्ज आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ मध्ये मांडलं.

लिव्हर कठीण झालं की पोर्टल व्हेनमधल्या रक्ताला आत शिरायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. आमच्याकडं मांजरेच्या पाटाला पाणी सुटतं तेव्हा एखादी चारी गाळानं बुजलेली असली की पाणी काही थांबून राहत नाही, बांधाच्या कडेनं जिथं मऊ माती लागेल तिथून फुटतं आणि भलत्याच रानात शिरतं. पोटातही तेच होतं. एरवी केसासारख्या बारीक असलेल्या नीला फुगतात आणि आतड्याकडचं रक्त लिव्हरला टाळून थेट हृदयाकडं जाणाऱ्या मोठ्या नीलेत पडतं. न गाळलेलं रक्त. तिथून ते मेंदूत पोचायला किती वेळ लागणार?

हे काही नवं ज्ञान नाही. निकोलाय एक या रशियन शल्यवैद्यानं १८७७ मध्ये कुत्र्यांच्या पोटात पोर्टल व्हेन थेट मोठ्या नीलेला जोडली होती. पुढं १८९३ मध्ये पाव्हलॉव्ह आणि त्याच्या सोबत्यांनी सेंट पीटर्सबर्गमध्ये अशा कुत्र्यांना मांस खाऊ घातलं, तर ती चिडखोर झाली, झोकांड्या खायला लागली, काही बेशुद्ध पडली. लाळेच्या आणि घंटेच्या प्रयोगांसाठी आपण ज्याला ओळखतो तोच हा पाव्हलॉव्ह. मी ते वाचत होते तेव्हा समोर अण्णा झोपलेले होते. चिडचिड, झोकांडी, बेशुद्धी. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला क्रम आमच्या घरात जसाच्या तसा घडला होता.

मेंदूकडं युरियाचं चक्र नाही. तिथं अमोनियाची विल्हेवाट लावायचं काम अ‍ॅस्ट्रोसाइट या तारकाकृती पेशी करतात. ग्लुटामेट घ्यायचं, त्याला अमोनिया जोडायचा, ग्लुटामिन करायचं. अमोनिया जास्त आला की ग्लुटामिन जास्त साचतं, ते पाणी ओढून घेतं आणि पेशी फुगतात. अ‍ॅस्ट्रोसाइट म्हणजे मेंदूतली नुसती भरताड नव्हे. दोन चेतापेशींमध्ये निरोप पोचवून झालेलं ग्लुटामेट उचलून नेणं, त्याचं ग्लुटामिन करून चेतापेशीला परत देणं, त्यातून पुन्हा नवं ग्लुटामेट आणि गाबा तयार होणं, ही सगळी ने-आण त्यांच्यावर चालते. मेंदूला जागं ठेवणारा मुख्य निरोप्या ग्लुटामेट आणि शांत करणारा मुख्य निरोप्या गाबा. फुगलेल्या, दमलेल्या अ‍ॅस्ट्रोसाइटमुळं त्या दोघांचा तोल ढळतो.

आणि तो गाबाकडं झुकतो. अमोनियाच्या माऱ्यात अ‍ॅस्ट्रोसाइटच्या मायटोकॉन्ड्रियावर काही स्टेरॉइड जास्त तयार व्हायला लागतात, त्यांना न्यूरोस्टेरॉइड म्हणतात. ती गाबाच्या ग्राहकावर, म्हणजे चेतापेशीवर त्याचा निरोप झेलणाऱ्या रिसेप्टरवर, बसतात आणि गाबाचा परिणाम वाढवतात. झोपेच्या आणि चिंतेच्या बऱ्याच गोळ्या, बेन्झोडायझेपिन गटातल्या, याच ग्राहकावर काम करतात. तेव्हा मला त्या एका गोळीचा अर्थ लागला. अण्णांचा मेंदू आधीच स्वतःच्या रसायनांनी गुंगीत होता. त्यावर आणखी तेच औषध पडलं, आणि तेही मोडकळीला आलेल्या लिव्हरमधून लवकर बाहेर जाईना. याच्या उलटा पुरावाही आहे: त्या ग्राहकावरून बेन्झोडायझेपिन हटवणारं फ्लुमाझेनिल शिरेतून दिलं तर लिव्हरमुळं गुंगीत गेलेले काही रुग्ण थोड्या वेळापुरते जागे होतात. ते रोजचं औषध नाही, पण गाबाचा हात त्यातून उघड दिसतो.

बाकीचे निरोपेही सुटत नाहीत. अमिनो आम्लांपैकी ल्यूसिन, आयसोल्यूसिन, व्हॅलिन ही फांदीदार आम्लं स्नायू वापरतात; फिनाइलअ‍ॅलनिन, टायरोसिन, ट्रिप्टोफॅन ही वलयवाली आम्लं मुख्यतः लिव्हर हाताळतं. सिरॉसिसमध्ये पहिली कमी होतात, दुसरी साचतात. मेंदूत शिरायचं दार दोघांना एकच, त्यामुळं वलयवाली जास्त आत जातात. ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिनची उलाढाल वाढते. टायरोसिनच्या गर्दीतून ऑक्टोपामिनसारखे दुबळे, खोटे निरोपे तयार होतात आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिन-डोपामिनच्या जागा अडवतात, असं फिशर आणि बाल्डेसारिनी यांनी १९७१ मध्ये मांडलं. आज एकट्या त्या कल्पनेवर कुणी सगळा भार टाकत नाही, पण अमिनो आम्लांचं बिघडलेलं प्रमाण खरं आहे. मँगेनीजचं मला सगळ्यात आश्चर्य वाटलं. हा धातू लिव्हर पित्तातून बाहेर टाकतं. ते झालं नाही की तो मेंदूच्या खोलवरच्या गाठींमध्ये साठतो आणि डोपामिनच्या कामात अडथळा आणतो. अण्णांच्या एमआरआयमध्ये डॉक्टरांनी मला दोन्ही बाजूंचे ते पांढरे ठिपके दाखवले. त्यांचं मंद चालणं, चेहऱ्यावरचा निर्विकारपणा, बारीक होत गेलेलं अक्षर, या सगळ्याला तिथं एक जागा सापडली. रात्रीच्या जागरणालाही कारण होतं: मेलाटोनिन लिव्हरच साफ करतं, ते दिवसा रक्तात रेंगाळतं आणि शरीराचं घड्याळ उलटंपालटं होतं.

उपचार म्हणून समोर आलं ते एक गोड, चिकट पातळ औषध. लॅक्टुलोज. १९६६ पासून या आजारात वापरतात. ही साखर आपल्याला पचत नाही, मोठ्या आतड्यातले जिवाणू ती खातात, त्यातून आम्ल तयार होतं. आम्लात अमोनियाचा अमोनियम आयन होतो आणि आयन आतड्याच्या भिंतीतून सहज पार होत नाही. शिवाय पोट साफ होतं ते वेगळंच. बारावीच्या पुस्तकातला आम्ल-आम्लारीचा धडा, आणि त्याच्यावर माझे वडील शुद्धीवर आले. एनिमा, लॅक्टुलोज, सलाइनमधून आलेलं पोटॅशियम, एका सकाळी मला बघून म्हणाले, "माय, कॉलेजला नाही का गेलीस?"

घरी आल्यावर खरी कसरत. लॅक्टुलोजचा डोस बाटलीवरून ठरत नाही, शौचावरून ठरतो. दिवसाला दोन-तीन वेळा मऊसर व्हायला हवं. कमी झालं तर डोस वाढवायचा, पाण्यासारखं व्हायला लागलं तर कमी करायचा, कारण जुलाबानं अंगातलं पाणी आणि पोटॅशियम गेलं तर मूत्रपिंडंच जास्त अमोनिया तयार करतात. आमच्या घरात शौचाबद्दल जेवायच्या वेळेला सोडा, एरवीही कुणी बोलत नसे. आता आईनं संडासाच्या दाराला खडूनं रेघा मारायला सुरुवात केली. अण्णांना लाज वाटायची. तिनं सरळ सांगितलं, "मी इतकी वर्सं तुमचं धोतर धुतलंय, आता कशाची लाज?" जोडीला रिफॅक्सिमिन ५५० मिलीग्रॅम सकाळ-संध्याकाळ. हे प्रतिजैविक आतड्यातच राहतं, रक्तात जवळजवळ उतरत नाही. लॅक्टुलोजसोबत दिलं तर गुंगीचे, भान हरपण्याचे झटके पुन्हा येणं कमी होतं हे २०१० मध्ये मोठ्या चाचणीत दिसलं होतं. महिन्याचा खर्च मात्र मुनिमाच्या पगाराला झेपणारा नाही, हे सांगायला हवं. आम्ही दोघं भावंडं कमावती होतो म्हणून निभावलं.

खाण्यावरून नातेवाइकांशी भांडणं झाली. प्रोटीनमधून अमोनिया होतो, म्हणून डाळ बंद, दूध बंद, असं कुणी कुणी ठामपणे सांगून गेलं होतं. पूर्वी डॉक्टरही तसंच सांगायचे. डाळींच्या बाजारपेठेत जन्म गेलेला माणूस साध्या भातावर आला आणि त्याचे दंड, मांड्या वाळत गेल्या. आहारतज्ज्ञ बाईंनी ते साफ मोडून काढलं. स्नायूही रक्तातला अमोनिया उचलतात आणि त्याचं ग्लुटामिन करतात. लिव्हर दमलेलं असताना स्नायू हाच दुसरा आधार, तो वाळवून कसं चालेल? वजनाच्या दर किलोला दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन द्या, आणि ते डाळी, दही, कडधान्यांतून मिळालं तर उत्तम, कारण त्यातला चोथाही कामाचा. मग आमच्या घरात पुन्हा तुरीचं घट्ट वरण, मटकीची उसळ, ज्वारीची भाकरी सुरू झाली. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, रानात भज्जी त्यांनी पोटभर खाल्ली. त्यात वाटाणा, हरभरा, शेंगदाणे, पाले, सगळं असतं. मीठ तेवढं बेतानं.

सगळ्यात अवघड गेली ती एकादशी. सिरॉसिसच्या माणसानं दीर्घकाळ उपाशी राहायचं नाही. लिव्हरमधला साखरेचा साठा रात्रीतच संपतो आणि शरीर स्वतःचे स्नायू मोडायला लागतं. म्हणून झोपतानाही काहीतरी खाऊन झोपायचं. अण्णा म्हणाले, जीव गेला तरी एकादशी मोडणार नाही. डॉक्टरांचं ऐकेनात, माझं ऐकेनात. शेवटी त्यांच्याच दिंडीतले एक म्हातारे बुवा घरी आले, शेजारी बसले आणि म्हणाले, "मुनीम, औषध म्हणून खायचं. पांडुरंगाला नाम लागतं, तुमचं उपाशी पोट नाही लागत." त्या रात्री अण्णांनी थालीपीठ खाल्लं. बुवांचे उपकार मी विसरणार नाही.

इतकं करूनही झटके येत राहिले. एकदा उन्हाळ्यात जुलाब झाले तेव्हा, एकदा लघवीत जंतुसंसर्ग झाला तेव्हा. तिथं कारण तरी हाताला लागलं. पण नंतर नंतर काही कारण नसताना, पोट साफ असताना, औषध वेळेवर असताना ते हरवायला लागले. बिलिरुबिन बरं, अल्ब्युमिन बरं, पोटात पाणी नाही. लिव्हर अजून बऱ्यापैकी काम करतंय, मग मेंदू एवढा का बिघडतो? लिव्हरच्या डॉक्टरांनी रंगद्रव्य देऊन सीटी स्कॅन करायला सांगितला. त्यात ती आडवाट सापडली. प्लीहेकडच्या नीलेतून निघून डाव्या मूत्रपिंडाच्या नीलेला मिळणारा, वेडावाकडा, बोटाएवढा जाड प्रवाह. स्प्लीनोरीनल शंट. पोर्टल व्हेन स्वतः बारीक झाली होती, कारण तिच्याकडं यायचं रक्त वाटेतच पळत होतं.

ती वाट बंद करता येते. पण डॉक्टरांनी घाई केली नाही, आम्हाला बसवून दोन्ही बाजू सांगितल्या. शंट म्हणजे वाढलेल्या दाबाला मिळालेली पळवाट. ती बुजवली की सगळा दाब पुन्हा लिव्हरकडं आणि अन्ननलिकेतल्या फुगलेल्या नीलांकडं जाणार. त्या फुटू शकतात, पोटात पाणी होऊ शकतं. लिव्हरची ताकद शिल्लक असेल तरच हा धोका पत्करायचा. अण्णांची होती. आधी दुर्बीण घालून अन्ननलिकेतल्या नीला बघितल्या, मोठ्या होत्या त्यांना रबराचे बँड बसवले, दाब कमी ठेवायची गोळी चालू केली. घरात मतं फाटली. आई नको म्हणत होती. भाऊ गप्प होता. शेवटी आम्ही अण्णांना, ते चांगल्या शुद्धीत असताना, सगळं सांगून विचारलं. ते म्हणाले, "रोज अर्धा हरवण्यापेक्षा एकदा काय ते होऊ द्या." त्यांच्या या वाक्यापुढं कुणी बोललं नाही.

हैदराबादला झालं ते. भूल पूर्ण नव्हती, जागा बधिर करून जांघेतल्या नीलेतून नळी आत घातली, पडद्यावर बघत बघत डाव्या मूत्रपिंडाच्या नीलेपर्यंत आणि तिथून शंटमध्ये. आत धातूच्या जाळीचं बूच उघडलं आणि मागं जिलेटिनचा लगदा भरला. पोट उघडावं लागलं नाही. नंतरच्या सीटीत ती वाट बुजलेली दिसत होती आणि पोर्टल व्हेन आधीपेक्षा भरलेली. कागदावर हे दोन ओळींचं काम आहे. बाहेर बाकड्यावर बसून त्याची वाट बघणं फार लांब होतं.

फरक किती लवकर पडावा? परतीच्या रेल्वेत अण्णांनी खिडकीतून बाहेर बघत स्टेशनांची नावं क्रमानं सांगितली. घरी त्यांची परीक्षा घ्यायच्या दोन सोप्या रीती डॉक्टरांनी शिकवल्या होत्या. एक म्हणजे कागदावर विखुरलेले एक ते पंचवीस आकडे क्रमानं रेघेनं जोडायचे आणि वेळ बघायचा. अण्णांची सगळी कीर्द मराठी आकड्यांत, म्हणून मी तसा कागद हातानं तयार केला. दुसरी रीत त्याहून सोपी, एका मिनिटात जनावरांची नावं सांगायची. दहासुद्धा होत नसतील तर गडबड आहे. आजारात अण्णा बैल, गाय, म्हैस म्हणून अडायचे आणि पुन्हा बैलावर यायचे. आता ते शेळी, करडू, कोल्हा, तरस, ससा, मुंगूस करत सुटतात, आणि मिनिट संपलं तरी थांबत नाहीत. हातांचे पंजे स्थिर राहतात. मँगेनीजचे ठिपके लगेच जात नाहीत, चाल अजून थोडी मंद आहे. पण रात्री झोपतात आणि सकाळी काकड्याला उठतात.

आजार बरा झाला असं मी म्हणणार नाही. सिरॉसिस आहेच, मधुमेह आहेच. लॅक्टुलोज कमी झालंय, बंद नाही. दर काही महिन्यांनी दुर्बीण होते, मागच्या वेळी आणखी एका नीलेला बँड बसवावा लागला, म्हणजे दाब वाढलाय हे दिसतंय आणि त्यावर लक्ष ठेवावं लागणार. अण्णांच्या फायलीच्या पहिल्या पानावर मी ठळक अक्षरांत लिहून ठेवलंय: सिरॉसिसचा रुग्ण, शंट बंद केलेला, झोपेची गोळी देऊ नये, दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय देऊ नये, बोलण्यात फरक पडला तर आधी पोट साफ आहे का, ताप आहे का, काळी शी झाली का ते बघावं. परवा त्यांची दाढ काढायची होती. दातांच्या डॉक्टरांनी ते पान वाचलं, आधी प्लेटलेट्स तपासून घेतल्या, लिव्हरच्या डॉक्टरांना फोन लावला, आणि मगच चिमटा हातात घेतला.